लेबल भिंतीकडे

४ ऑगस्ट

वहिनी, नमस्कार.

हे पत्र ऑफिसच्या कागदावर आहे, म्हणून वर सरांचं नाव छापलेलं दिसेल. त्याला घाबरू नका. मी ज्यांच्या हाताखाली काम शिकते ते हे वकील. ठकीची केस त्यांनी घेतली आहे आणि कागद तयार करायचं काम माझ्याकडे दिलं आहे.

तुम्ही माहेरी गेल्यापासून दादाचा फोन घेत नाही, म्हणून सगळं लेखी कळवते आहे. दुकानातून ठकीच्या फिटच्या औषधाची चुकीची बाटली दिली गेली. नाव तेच, कंपनी तीच, पण औषधाची ताकद जवळजवळ चौपट. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आणि दुकानाचं बिल शेजारी ठेवलं की हे सरळ सिद्ध होतं. अशा वेळी ग्राहक न्यायालयात भरपाई मागता येते, आणि तो दावा आपण दाखल केला आहे. औषध दुकानांना परवाना देणाऱ्या खात्याकडेही तक्रार करता येते. त्यात आपल्याला काही मिळत नाही, पण दुकानाची तपासणी होते. माझ्या मते ती केलीच पाहिजे, कारण आज ठकी आहे, उद्या आणखी कुणाचं लेकरू असेल. पोलिसांकडे जायचा रस्ता आहे, पण सर म्हणतात तो सध्या नको. आणि दुकानदार पुढे आला तर आपसात समझोता होऊ शकतो.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. तुम्ही निघताना ती बाटली पिशवीत टाकून नेली असं आई म्हणते. तो मुख्य पुरावा आहे. कृपया बाटली धुऊ नका, उरलेलं औषध ओतून देऊ नका. दुसरं म्हणजे सोबतच्या निवेदनावर सही. तुम्ही ठकीची आई, त्यामुळे तुमचं निवेदन लागतंच. मजकूर मी शक्य तितका साधा ठेवला आहे. घरातल्या गोष्टीबद्दल त्यात एकच वाक्य आहे: ‘त्या संध्याकाळी सासूबाईंनी औषध दिलेले असताना माझ्या लक्षात न आल्याने माझ्याकडून ते पुन्हा दिले गेले.’ हॉस्पिटलच्या कागदांत डोस दोनदा गेल्याची नोंद आहे, तेव्हा हे वाक्य टाळता येणार नाही.

खुणा केल्या आहेत तिथे सही करावी.

ठकीच्या हाताची थरथर कमी झाली का? ती चालताना अजून भिंत धरते का? सरांना फाइलसाठी हवं आहे.

आपली,
नणंद


१३ ऑगस्ट

वहिनी,

काल तुझा भाऊ ऑफिसात येऊन गेला. निवेदन परत आणलं होतं त्याने, नीट घडी घालून, सहीविना. मी त्याला पाणी दिलं, बस म्हटलं. बसला नाही.

‘ताईने वाचलं,’ म्हणाला. ‘सही नाही करणार.’

‘का? काही चुकलंय का त्यात?’

‘मलाही कळलं नाही. विचारलं तिला. म्हणाली, जिने लिहिलंय तिला माहीत असेल.’

समोरच्या टेबलावर सरांच्या कारकूनबाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मी हसल्यासारखं केलं. मग विषय बदलायला ठकीचं विचारलं, तर तुझा भाऊ म्हणाला, ‘फ्रॉकचं बटण अजून लावता येत नाही. पेला धरला की अर्धं पाणी जमिनीवर. पण तोंड मात्र एकदम तय्यार. काल माझ्या बाबांना म्हणाली, आजोबा, तुमचे पण हात हलतात, तुम्ही कुठलं औषध प्यायलात?’

तो गेल्यावर मी फाइलींच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

मागच्या पत्रात मी तुला ‘तुम्ही’ म्हटलं, ते तुला लागलं असेल. ऑफिसचं पत्र तसं लिहितात, हे मी आता लिहिलं तर तुला ते खरं वाटेल का? लग्न होऊन आलीस तेव्हा मी दहावीत होते. पहिल्याच आठवड्यात तू म्हणालीस, ‘मला अहो-जाहो केलंस तर जेवायला वाढणार नाही.’ परीक्षेच्या दिवसांत माझ्या वाटची भांडी तू घासायचीस आणि आईला सांगायचीस की हिनेच घासली. तुझ्या कारखान्यात दिवसभर शर्टांना काजं करून बोटं आखडलेली असायची, तरी. वकिलीचा निकाल लागला तेव्हा पहिला फोन तुला केला होता, आईला नाही. तेव्हापासून तू मला ‘वकीलसाहेब’ म्हणायला लागलीस.

घरी सगळं तसंच. आई कुणाशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण पंख्याशी. ‘कुणाला वेळ असेल तर हा बंद करा रे बाबा,’ असं वर बघून म्हणते. पूर्वी ती तुला सांगायचं असलं की पंख्याला सांगायची. आता तू नाहीस, तरी सवय गेलेली नाही. दादा शाळेची बस चालवून आला की त्या गाडीतच बसून राहतो. मी खिडकीतून बघते. स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसलेला असतो, बंद गाडीत.

तू परत यावंस म्हणून हे लिहीत नाही. म्हणजे, यावंस असं वाटतंच. पण आधी ती सही हवी आहे, वहिनी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तारीख आहे. दुकानाच्या वकिलाचं उत्तर आलं आहे. त्यात लिहिलंय की एकच डोस गेला असता तर मूल फार तर एक दिवस पेंगुळलं असतं, पुढचा सगळा त्रास आईच्या निष्काळजीपणामुळे झाला. ‘आईच्या’ या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली आहे. आपण स्वतःच ते आधी कबूल केलं, साध्या शब्दांत, तर त्या रेघेतला जोर जातो असं सरांचं म्हणणं आहे.

वाक्य बदलून हवं असेल तर सांग. मी बदलते.

वकीलसाहेब


२२ ऑगस्ट

वहिनी,

रविवारी औषधवाले काका घरी आले होते. त्यांचं दुकान आपल्या कोपऱ्यावर, ठकी जन्मायच्या आधीपासून आपण त्यांच्याकडून औषधं घेतो. त्यामुळे आईला त्यांना दारात उभं ठेवता येईना. आत घेतलं. ते तुझ्या शिवणाच्या खुर्चीत बसले. बसल्या बसल्या रडले. फळीवर दोन्ही बाटल्या शेजारी होत्या म्हणाले, फोनवर बोलत होतो, हात गेला तिकडे.

मला त्यांचा राग यायला हवा होता. कॉलेजात असते तर मी त्यांना तिथेच कलम ऐकवलं असतं. पण ‘हात गेला तिकडे’ म्हणाल्यावर मी उठून आत गेले.

त्यांना समझोता हवा आहे. ठकीच्या उपचारांचा आणि हातापायांच्या व्यायामाचा सगळा खर्च ते देतील, ती ठणठणीत होईपर्यंत. आपण दावा मागे घ्यायचा, परवान्याच्या खात्याकडे जायचं नाही. आणि त्यांच्या वकिलाने एक वाक्य घालायला सांगितलं आहे: मूळ चूक मुलीच्या आईने डोस दोनदा दिल्यामुळे झाली, दुकानदार केवळ माणुसकीपोटी मदत करत आहे. त्याखाली दादाची सही, आणि तुझी.

दादा तयार आहे. मी म्हटलं, ‘अरे, पण मूळ चूक त्यांची आहे ना? चौपट ताकदीची बाटली त्यांनी दिली.’

‘मला मूळ-बिळ नको,’ म्हणाला. ‘माझी पोरगी पेला धरू शकत नाही. व्यायामवाली बाई म्हणते रोज आणा. रोजचे पैसे कुठून आणू? तू तिची सही काढ. तू शिकलेली आहेस, तुला बोलता येतं.’

‘आणि ती म्हणाली मी केलं नाही तर?’

‘दोनदा कुणी दिलं मग? मी? आईने देऊन बाटली भिंतीकडे फिरवली होती. हिने बघितलं नाही. दमून येते, कबूल आहे, पण बघायला डोळे लागतात फक्त.’

आई वर पंख्याकडे बघत म्हणाली, ‘मी आपल्या हाताने फिरवली होती. देवाशपथ.’

आई खरं बोलत होती. मला माहीत आहे.

तो कागद मी टाइप केला, वहिनी. ऑफिसात, दुपारी, डबा खाऊन झाल्यावर. ‘मुलीच्या आईने’ हे शब्द टाइप करताना एकदा चूक झाली, ती सुधारली. सरांनी वाचून बाजूला ठेवला. म्हणाले, ‘सहीला पाठवायच्या आधी मला एक गोष्ट समजून घेऊ दे. तुमच्या घरात ही बाटली फिरवायची भानगड काय आहे?’

मी समजावून सांगितलं. सकाळी आठ आणि संध्याकाळी सात. डोस दिला की बाटली फिरवून लेबल भिंतीकडे करायचं. पुढच्या डोसच्या आधी, सकाळी उठल्यावर दादाने आणि ऑफिसला निघताना मी, ती परत सरळ करायची. कुणीही स्वयंपाकघरात आलं की बघताक्षणी कळतं.

‘हुशार पद्धत आहे,’ सर म्हणाले. ‘पण तोंडाने का नाही विचारत?’

मी म्हटलं, सगळ्यांच्या वेळा वेगळ्या असतात.

मग ते म्हणाले, ‘आई म्हणते फिरवली. सून म्हणते बाटली सरळ होती. दोघींपैकी एक खोटं बोलते, किंवा मध्ये तिसऱ्या कुणाचा हात लागला. लागला होता का कुणाचा?’

मी ‘नाही सर’ म्हणाले.

असं पटकन म्हणाले की त्यांनी मान वर करून बघितलं. मग म्हणाले, ‘ठीक,’ आणि पुढची फाइल उघडली.

कागद सोबत जोडला आहे. सही कर असं मी आता लिहू शकत नाही. तू वाच.


३१ ऑगस्ट

वहिनी,

बाटली मिळाली.

तुझा भाऊ घरी देऊन गेला. मी एकटीच होते. पार्सल म्हणजे तुझ्या कारखान्यातल्या कापडाचा तुकडा, बाटलीभोवती गुंडाळून तीन बटणांनी बंद केलेला. काजं तुझ्या हातची. आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बाटली, झाकण घट्ट, थेंबभरही सांडलं नव्हतं. चिठ्ठी नव्हती. मी पिशवी दोनदा झटकून बघितली.

मग मी ती टेबलावर ठेवली. ठेवताना हाताने काय केलं सांगू? बाटली फिरवली, लेबल माझ्याकडे करून ठेवली. वाचायला. मी काही विचार केला नव्हता. हाताने आपोआप केलं, कारण माझा हात प्रत्येक बाटलीचं, प्रत्येक पाकिटाचं, प्रत्येक बिलाचं हेच करतो. आपल्या घरात आलेला कागद आधी माझ्याकडे येतो ना. ‘वकीलसाहेबांना दाखवा.’ मला ते किती आवडायचं.

मी उभीच राहिले.

वहिनी, आता लिहिते. तुला माहीत आहेच, तरी मी लिहायला हवं.

त्या दिवशी दादाने नवी बाटली आणली तेव्हा मी घरी नव्हते. सातला आईने ठकीला औषध दिलं, बाटली फिरवली आणि वरच्या मजल्यावर शेजारणीकडे गेली. मग मी आले. मग तू आलीस. दारात चपला काढत होतीस, तिथूनच ओरडलीस, ‘वकीलसाहेब, नवी बाटली आली का? वाचलीस?’

मी फोनवर होते. मैत्रिणीशी. तिला मी समजावत होते की माणसांना आपले हक्कच माहीत नसतात, हीच आपल्या समाजाची खरी अडचण आहे. हे अगदी असंच म्हणत होते. फोन खांद्याने कानाशी दाबून मी फळीवरून बाटली घेतली. नाव वाचलं. नाव तेच होतं. नावाखाली ताकदीचा आकडा होता, तो माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी तो वाचला नाही. ‘तेच आहे गं,’ म्हटलं. तू विचारलंस, ‘सगळं बघितलंस ना?’ आणि मी म्हणाले, ‘वाचता येतं मला, वहिनी.’

आणि बाटली फळीवर परत ठेवली. लेबल समोर.

आधी ते कुठल्या बाजूला होतं, हे मी बघितलंच नव्हतं.

तू हात धुऊन आलीस, बाटली सरळ दिसली, ठकीला औषध दिलंस, बाटली फिरवलीस. तू अगदी ठरल्याप्रमाणे वागलीस. आई ठरल्याप्रमाणे वागली. ती पद्धत मोडली फक्त मी, जिने ती काढली होती.

हो, तेही लिहायला हवं. सरांना मी सांगितलं की वेळा वेगळ्या असतात म्हणून. खोटं. तू बाळंतपणानंतर पुन्हा कारखान्यात जायला लागलीस, आई म्हणाली, ‘लेकराला फिटा येतात आणि आई काजं करायला जाते,’ तू उलट बोललीस, आणि तेव्हापासून तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतात. औषध दिलं का हे तुला आईला विचारायचं नव्हतं, आणि दिलं हे आईला तुला सांगायचं नव्हतं. म्हणून मी बाटलीला बोलायला लावलं. कॉलेजात मी ते कौतुकाने सांगितलं होतं, घरातला तंटा मी कसा सोडवला म्हणून. मी काहीच सोडवलं नव्हतं. तुम्ही दोघींनी बोलायची गरजच राहणार नाही, एवढीच सोय केली होती.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात दादा तुझ्यावर ओरडत होता. ठकी आत होती, नळ्या लावलेल्या. तू एवढंच म्हणालीस, ‘बाटली सरळ होती.’ आई म्हणाली, ‘मी फिरवली होती.’ मग तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी पुस्तक बंद केलं की बघायचीस तशी, झाला का अभ्यास असं.

मी खाली बघितलं. फरशीवर कुणाचा तरी पट्टीचा कापूस पडला होता, तो बघत बसले.

मला वाटलं, आत्ता नको, ठकी शुद्धीवर येऊ दे. मग वाटलं, ती घरी येऊ दे. मग तू गेलीस. मग वाटलं, आता सांगितलं तर केस पडेल, आणि केस ठकीसाठी आहे. मी स्वतःला ते इतक्यांदा सांगितलं की मला ते पाठ झालं. मग मी तुझ्या नावाने ते वाक्य लिहिलं आणि तुझ्याकडे सहीला पाठवलं, खुणा करून.

समझोत्याच्या कागदाची माझ्याकडची प्रत मी फाडली आहे. ऑफिसातली प्रतही. उद्या सरांना सांगणार आहे, आणि घरी.

माफ कर असं लिहिणार नाही. लिहिलं की तुझ्यावर आणखी एक काम पडेल.

बाटली मी परत त्या कापडात ठेवली आहे. तुझी बटणं लावली. तिन्ही.


९ सप्टेंबर

वहिनी,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळींची. मला ती आता पाठ आहे.

‘मला त्याच दिवशी कळलं होतं. तू सांगशील म्हणून थांबले. मी नाव घेतलं असतं तर शिकलेल्या नणंदेवर ढकलते म्हणाले असते. तारखेला येईन. घरी यायचं नंतर बघू.’

‘नंतर बघू’ याचा मला राग नाही. तो हक्क मला नाहीच.

आधी सरांचं सांगते. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ‘मी विचारलं तेव्हा नाही म्हणालीस.’ मी हो म्हटलं. मग म्हणाले, ‘या फाइलला आता हात लावायचा नाही. तू या केसमध्ये साक्षीदार आहेस.’ मी विचारलं, ‘केस गेली ना, सर?’

‘कुणी सांगितलं तुला?’

‘चूक आपल्या घरातही झाली ना.’

‘चूक घरातल्या मोठ्यांची. दुकानाने चौपट ताकदीची बाटली दिली, हे तुझ्या बाटली फिरवण्याने पुसलं जात नाही. आणि मोठ्यांच्या चुकीने मुलीचा हक्क संपत नाही. भरपाई कमी करायची का, किती, ते न्यायाधीश बघतील. परवान्याच्या खात्याकडची तक्रार तर जशीच्या तशी उभी आहे. हे तुला कॉलेजात शिकवलं नाही?’

शिकवलं होतं, वहिनी. माझ्या वहीत आहे. त्यात मला चांगले गुण होते.

म्हणजे केस वाचवण्यासाठी मी गप्प बसले, हेसुद्धा खरं नव्हतं. केसला माझ्या गप्प बसण्याची गरजच नव्हती. मलाच होती. घरातली शिकलेली पोरगी मी, तिने बाटली वाचली आणि तिला आकडा दिसला नाही, एवढं कुणाला कळू नये म्हणून मी तुला माहेरी बसवलं.

सर शेवटी म्हणाले, ‘उद्या वेळेवर ये. बाकीच्या फाइली आहेत.’ मला काढून टाकतील असं वाटलं होतं. काढलं असतं तर बरं वाटलं असतं बहुतेक.

घरी जेवताना सांगितलं. दादाचा घास हातात तसाच राहिला. तो माझ्यावर ओरडला नाही. म्हणाला, ‘व्हरांड्यात मी तिला काय काय बोललो. त्या नर्सबाईंसमोर.’ मग हात धुऊन खाली गेला, गाडीत बसला. या वेळी मी खिडकीतून बघितलं नाही.

आई मात्र माझ्या बाजूने उभी राहिली, आणि ते सगळ्यात वाईट होतं. ‘तू नुसती वाचलीस गं,’ म्हणाली. ‘वाचणं काय गुन्हा आहे? तिला मला विचारायला काय झालं होतं? तोंड होतं ना तिला?’ मी जन्मभर लोकांकडे झाडलोट केली ती तुला शिकवायला, मग तुझी चूक कशी असेल, असं काहीतरी ती मनात मांडत होती. चेहऱ्यावर दिसत होतं.

मी म्हटलं, ‘तिने विचारलं असतं, तर तू उत्तर दिलं असतंस का?’

‘दिलं असतं की.’

‘तिला? का पंख्याला?’

आईने ताटं उचलली, तिघांची. दादाच्या ताटात अन्न तसंच होतं. ती ते टाकायला गेली आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहिली, नळ चालू ठेवून.

त्यानंतर आठवडाभर ती पंख्याशीही बोलली नाही. आणि काल संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर फोन मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, ‘तिला लाव. आणि विचार, पोरीला औषध दिलं का.’

मी नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. ‘तूच विचार.’

‘मला नाही जमत. तू विचार, मी ऐकते.’

‘आई, मी मध्ये पडले की काय होतं ते बघितलंस ना?’

घंटी वाजत होती. तिने वर पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग फोन कानाला लावला. तू उचललास ते मला कळलं, कारण ती एकदम ताठ बसली. पदर सारखा केला, जणू तू समोर आली आहेस.

‘औषध दिलं का गं, पोरीला?’ म्हणाली.

तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. आई ‘बरं’ म्हणाली. मग पुन्हा ‘बरं’. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली, आणि मध्येच तोंडाला पदर लावून हसली, तेव्हा ठकी बोलत असणार. तिला आजोबांबद्दलचं ते सांगितलं का ठकीने?

फोन ठेवल्यावर मला म्हणाली, ‘दिलंय म्हणते.’

मी मान हलवली. आई उठली, पंखा स्वतः बंद केला, आणि बटणापाशी उभी राहूनच म्हणाली, ‘रोज विचारलं तर चालेल का तिला? विचारून बघ ना जरा.’

वहिनी, चालेल का नाही, ते तूच आईला सांग. मी विचारणार नाही.

तुझी
नणंद